फेकणारा ग्रेगर्स, पकडणारा मी

...नाही, केक आणायला माझी ना नाही हो! पण प्रत्येक वेळी मीच? आमच्या फेरीबोटीच्या कचेरीत रीतच आहे, ज्याच्या हातून घोळ झाला त्यानं शुक्रवारी सगळ्यांना केक चारायचा. आता तर बेकरीवाली मला लांबून पाहूनच विचारते, "काय मोएन्स, पुन्हा?" तुम्हाला सांगतो, यात काहीतरी काळंबेरं आहे!

त्यात हा ग्रेगर्स! तिकिटांचा प्रोग्राम आम्ही दोघं मिळून लिहितो. प्रोग्राम अडला की एक्सेप्शन फेकतो, म्हणजे बोंब मारतो, आणि दुसऱ्या कुणीतरी ती पकडून निस्तरायची. इतकी वर्षं आमची एकच बोंब होती, "काहीतरी बिघडलं". सुखात चाललं होतं! तर हा म्हणतो, मान तिरकी करून, "मोएन्स, प्रत्येक चुकीला आपला क्लास हवा. नाव हवं, घराणं हवं." घराणं! चुकीला! बसला वंशावळ काढत... 'वारा सुटला' ही 'तात्पुरती अडचण'ची लेक, 'गाडी फार लांब' ही 'कायमची अडचण'ची... आणि फेकणार सगळ्या हा, पकडणार मी! तेव्हाच म्हटलं, यात काहीतरी काळंबेरं आहे!

मी सरळ माणूस. तात्पुरतीची कुठलीही लेक आली की जरा थांबायचं, पुन्हा प्रयत्न करायचा, एवढंच लिहिलं. आणि गेल्या शनिवारी... आमची साहेबीण लिस्बेथ, तिच्याच मुलीचं लग्न, लग्न बेटावर, वऱ्हाड धक्क्यावर, आणि तिकिटाच्या यंत्रावर "पुन्हा प्रयत्न करत आहोत"! बोट भरलेली! प्रोग्राम आपला थांबतोय, विचारतोय, थांबतोय, विचारतोय... बोट सुटली, बेटावर जाऊन रिकामी झाली, आणि मग यानं आनंदानं तिकिटं फाडली. गेलेल्या बोटीची!

"नवऱ्या मुलाची आई धक्क्यावर हेरिंग मासे खात बसली होती, मोएन्स," लिस्बेथ म्हणाली. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं!

मी वंशावळ उघडली. 'बोट भरली' कुणाची लेक? तात्पुरतीची! सापडला! म्हटलं, "ग्रेगर्स, आता आण केक!"

तर हा चष्मा पुसत म्हणतो, "बोट काय कायमची भरते का रे? पलीकडे रिकामी होतेच की." लिस्बेथनं मान डोलावली! हा पुढे म्हणतो, "आणि बोंब पकडली कुणी? तू. पकडून केलंस काय? पुन्हा प्रयत्न!"

काळंबेरं आहे, काळंबेरं!

आणला केक. मी हात धुऊन येईपर्यंत खोकं रिकामं.

"संपला?"

ग्रेगर्स बोटं चाटत म्हणाला, "तात्पुरता रे!"

...आणि खोटं कसं म्हणू? बेकरीवालीनं पुढच्या शुक्रवारचा माझ्या नावानं आधीच बांधून ठेवलाय.