गच्चीवरचं ऊन आणि माझ्या पेशी

...आणि वर आमच्या आईचं म्हणणं काय, तर "घंटाभर उनात बसली त काय विरघयतं काय वं?" विरघळत नाही हो, पण आत काय होतं ते मला माहीत आहे ना! बीएस्सीला नेमका तोच धडा पाठ केलाय मी. तुम्हाला सांगते, ऊन पडलं की त्यातले अतिनील किरण थेट पेशीत, पार डीएनएपर्यंत, आणि तिथे शेजारी बसलेली दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात, उन्हात राहिलेल्या लिमलेटच्या गोळ्यांसारखी... आता मी घाबरू नको तर काय करू?

पण सुटका नव्हती. धाकट्या बहिणीचं, राधिकाचं लग्न पुढच्या आठवड्यात, रुखवतात मांडायच्या गुलाबी-हिरव्या कुरड्या गच्चीवर वाळत घातलेल्या, आणि आमच्या कारंजा गावातली वानरं म्हणजे... कालच त्यांनी शेजारच्या तुळसाबाईंचे पापड नेले! आमच्या कुरड्या गेल्या तर रुखवतात काय मांडणार, माझी मार्कशीट?

म्हणून राखणीला मी तयारीनेच गेले. बाबांचा रेनकोट, तोंडाला स्कार्फ, काळा गॉगल, हातमोजे, वर छत्री. घामानं निथळतेय, पण किरण आत नाही! तर पलीकडच्या गच्चीवरून तुळसाबाई आमच्या आईला हाक मारत किंचाळल्या, "माय वं! गोमतीबाई, तुमच्या गच्चीवर कोन उभं हाय?"

"मी आहे मावशी, रेणू!"

"मंग असं सोंग कायले घेतलं वं?"

मी समजावलं, की डीएनए चिकटला की पेशीत बोंब उठते, एक प्रोटीन ओरडतं, 'थांबा! दुरुस्ती झाल्याशिवाय नवी पेशी काढायची नाही!' मग दुरुस्तीवाले येतात, बिघडलेला तुकडा कापतात, नवा भरतात, आणि फारच बिघडलं असेल तर ती पेशी बिचारी स्वतःच संपते, बाकीच्यांना ताप नको म्हणून!

"एवढे कारभारी अंदर बसले, मंग तू काहून घाबरून राह्यली?"

अहो, पण एखाद्या कारभाऱ्याचा डोळा लागला तर? आता मी घाबरू नको तर काय करू?

तेवढ्यात मागे धप्प! वळते तर वानर! हे एवढं! मी किंचाळले, छत्री उलटली, रेनकोट फडफडला... आणि खोटं वाटेल तुम्हाला, त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि माझ्याहून मोठ्यानं किंचाळून पळालं! मागोमाग अख्खी टोळी. एक कुरडी हलली नाही!

वाटलं, सुटले. कसलं काय! संध्याकाळी आई दारात उभी राहून मला शेजारणींत वाटून टाकत होती, "उद्या तुळसाबाईच्या पापडाले, परवा कस्तुराबाईच्या सांडग्याले. सकायपासून बसवा पोरीले, फक्त रेनकोट काढू देऊ नका!"

"आई, अगं, माझ्या पेशी!"

"त्याइले सांग, लग्नघर हाय. इथं कोनीच रिकामं नाई."

हातमोजा आणि बाही यांच्या मधली मनगटाची तेवढी पट्टी लालभडक झालेली. तिच्याकडे बघत म्हटलं, "ऐकलंत ना, बायांनो? लागा कामाला."