पप्पांना आलेला सोपा प्रश्न

मी शाळेत मास्तर, पण परीक्षा म्हणजे काय ते मला परवा माणगावच्या एसटी स्टँडवर कळलं.

आमची सुजाता कॉलेजप्रवेशाची ती नवी, कॉम्प्युटरवरची परीक्षा देऊन स्टँडवर आली ती रडतच. "पप्पा, वर्ष वाया गेलं. प्रत्येक प्रश्न आधीच्यापेक्षा कठीण."

"अगं, उत्तर बरोबर आलं की कॉम्प्युटर पुढचा प्रश्न कठीण देतो आणि चुकलं की सोपा. कठीण आले म्हणजे तुझं बरोबर येत होतं."

तिला पटेना. मी समजवायला कागदावर आकृती काढायला घेतली, तेवढ्यात तिची आई म्हणाली, "आकृती कशाला? आपल्या घरात हेच तर चालतं. लग्न होऊन आले तेव्हा मला चहा करायला सांगितला. तो जमला, तर भाकऱ्या. भाकऱ्या जमल्या, तर तुझ्या बारशाला शंभर माणसांचं जेवण. तुझ्या पप्पांनी त्याच वर्षी एकदा भात करपवला."

सुजाता रडायची थांबली. "मग पप्पांना आता कुठला प्रश्न येतो?"

"'वाढू का?' एवढाच."

दोघी हसायला लागल्या. मीही हसलो, काय करणार. मग बायको म्हणाली, "अहो, तेवढी मुरूडची गाडी लागली का बघा."

मी गाडी बघितली, जागा धरली, दोघींना बसवलं. कंडक्टर आला तेव्हा कळलं, गाडी म्हसळ्याची होती.

बायको अजिबात चिडली नाही. खाली उतरून मला बाकड्यावर जागा करून दिली आणि म्हणाली, "तुम्ही आता नुसते पिशव्यांजवळ बसा."