देवाच्या नावानं सोडलेला एडका

मूठभर भंडारा. कुणाच्या तरी कांद्याची हिरवीगार पात. माळावरचा दगडगोट्यांचा एक तुकडा. रिकामी कणगी. आणि एक शिंगाळ एडका!

मंडळी, ऐका! एवढंच सांगा— देवाला दिलेलं ते दिलंच, की गरज पडली तर परत मागता येतं? माना काय डोलवता? बोला की! नाही? बरं, मग धुळा कोळेकरालाच विचारू.

हा धुळा धनगरवस्तीवरचा. मेंढरं भरपूर— आणि अक्कल त्याहून भरपूर! वस्तीची रीत अशी, की बिरोबाच्या नावानं भंडारा लावून सोडलेल्या एडक्याला कुणी अडवायचं नाही, हाकायचं नाही. तो जाईल तिथं देव जातो! झालं— धुळानं कळपाचा म्होरक्याच सोडला देवाला. वस्ती म्हणाली, "काय ही भक्ती!" भक्ती? अहो, म्होरक्या जिकडं, कळप तिकडं! एडका शिरला कांद्यात, मागनं अख्खा कळप कांद्यात!

कांदेवाले तात्या धोतर सावरत धावले. "धुळा, आवर की रे!"

धुळानं हात जोडले. "तात्या, देवाला आवरणारा मी कोण?"

कसं आहे! देव पुढं, पोट मागं!

पुढं सुगी सरली, रानं मोकळी झाली. आता मेंढरं रात्री कुणाच्या तरी रानात बसवायची. रानाला लेंडीखत, धनगराला ज्वारी— त्यावर वर्ष निघतं. धुळाचं ठरलं होतं पाटलाच्या मळ्यात. बायकोनं बजावलं, "कणगीत दाणा नाही. वाटेत रेंगाळू नका." निघाला! वाटेत मायाक्काचा तुकडा. एकटी बाई. खत घ्यायला पदरी मूठभर ज्वारी नाही. एडका तिथं आला, थांबला— आणि बसला! मागनं कळप बसला!

धुळानं काठी उगारली. बांधावरून तात्या खाकरले. "काय रे? देवाला हाकतोस?"

काठी वरच!

"तात्या, पाटील वाट बघत्यात हो! पोरांनी काय खायचं?"

"देवाला आवरणारा तू कोण?"

"मायाक्के, तू तरी उठव त्याला!"

मायाक्कानं पदर तोंडाशी नेला. "मी? मला पाप लागंल, दादा."

सगळी वस्ती जमली. आता बोला! एडका माझाच म्हणावं, तर कांदे भरून द्या. देवाचा म्हणावं, तर ज्वारी गेली! धुळानं घाम पुसला. काठी खाली आली. "बसू दे. देवाची इच्छा."

मनाविरुद्ध झाली, तेव्हा कुठं ती देवाची वाटली हो त्याला!

एडका तिथनं लवकर हलेना, तोवर पाटलानं दुसऱ्याची मेंढरं बसवली. धुळाच्या घरी कण्यांवर दिवस निघाले. पुढच्या साली मायाक्काच्या तुकड्यात पुरुषभर ज्वारी डोलली, आणि पहिली पाटी तिनं धुळाच्या कणगीत ओतली.

हसताय? हसा! पण आपण काय देतो देवाला? नारळ फोडतो— पाणी देवाला, खोबरं घराला! जे फिरून आपल्याच दारी येतं, तेवढंच आपण सोडतो. घरी जाताना मनाला विचारा— माझा एडका कुणाच्या कांद्यात चरतोय?

त्या एडक्याची आई तो कोकरू असतानाच मेली होती, आणि शेळीचं दूध पाजून त्याला मायाक्कानं त्याच तुकड्यावर वाढवलं होतं.