पित्तावरची बरणी

डोळ्यांच्या दवाखान्यात माझा नंबर लांब होता. शेजारच्या बाकावर एक आत्या आणि तिची भाची बोलत होत्या.

"व्यवसायोपचार शिकलीस आणि शेवटी तुझ्याच व्यवसायाला उपचार लागले म्हणायचं!"

"आत्या, इस्पितळात मी अधू हातांना बरणी उघडायला शिकवत होते. आता कारखान्यात अशा हातांनाही उघडता येईल अशी बरणी करणार."

"वा! पेशंट सुधारेना, म्हणून बरणी सुधारायची!"

"अगदी बरोबर."

"लोकांना काय सांगू? आमची भाची झाकणं लावते?"

"तू नाही म्हणालीस, तर नाही जाणार. दुपारपर्यंत कारखान्याला कळवायचंय."

"मला मेलीला काय विचारतेस? मी अडाणी."

"बरं, चहा का सोडलास ते तरी सांग."

"पित्त होतं."

"शेजारच्या काकू महिनाभर लेकाकडे गेल्यात, तेव्हापासूनच?"

"पित्त काय मुहूर्त बघून होतं?"

"साखरेची बरणी त्याच उघडून द्यायच्या ना?"

आत्याने दोन्ही हात पिशवीखाली सरकवले.

"आत्या?"

"कळव बाई तुझा होकार. आणि पित्तावर औषध म्हणून पहिली बरणी माझ्याकडे धाड."