अमृतचं घड्याळ

सावेडीत स्वतःच घड्याळं घडवणाऱ्या सम्राटच्या स्टुडिओत घड्याळ घ्यायला आलेली स्नेहल मोरपिसाची तबकडी असलेलं एक घड्याळ न्याहाळत उभी होती. पलीकडे तिसगावच्या बनुबाई आणि त्यांचा नवरा सम्राटशी बोलत होते.

"दादा, आमच्या अमृतनं तुमच्याकडनंच करून घेतलेलं हे," बनुबाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून पुढं केलं.

"आठवतंय की! बाजरीच्या कणसाचा काटा त्यानंच सुचवला होता. बिघडलं का?"

"मधी थांबलं हुतं. हलवल्यावर चाललं."

"याला सेल नाही, मावशी. हाताच्या हालचालीवर चालतं. अमृत घालत नाही का?"

"पोरगं गेलं, दादा. दिवाळीच्या तोंडावर."

"अरेरे…"

"तवापास्नं दिवसा मी घालते, रातीला हे घालत्यात. ह्यांना दवाखान्यात ठिवलं, त्या गडबडीत घरीच राह्यलं, अन् थांबलं."

"मग ही पेटी न्या. मीच बनवलीय. आत ठेवलं की घड्याळ हळूहळू फिरत राहतं. कुणी घातलं नाही तरी थांबणार नाही."

सम्राटनं घड्याळ पेटीत ठेवलं, तसं ते हळूहळू फिरू लागलं.

"लई भारी केलीय," म्हातारा म्हणाला.

बनुबाईंनी घड्याळ बाहेर काढलं आणि पुन्हा काकणांच्या वर चढवलं.

"पर दादा, ते आपलं आपणच चालाया लागलं, तर मग आमी दोघांनी काय करायचं?"