त्या अंकातली बाई मी न्हवं

—न्हाई ताई, खोलीला काय धाड भरलीय? पानी दोन वेळा येतंय, हिंजवडीची क्याब पार कोपऱ्यापत्तुर येती, आख्ख्या नांदे गावात ह्याच्यापरीस बरी खोली दावा मला. पन आदी सांगा — तुमी लिवता का? आपीसातलं न्हवं वो, ते समदीच लिवत्यात. गोष्टी. न्हाई ना? मग बसा. तुमच्या आदी हितं सौरभ हुता, हिंगोलीकडचा. गरीब पोरगं, चपला भाईर काडून आत येनारं. रोज सांच्याला ह्याच पायरीवर बसायचा, मी बोलायची, तो ऐकायचा — चा पाजला म्या त्याला, तापात पेज दिली — आन् त्यानं काय केलं? दिवाळी अंकात गोष्ट लिवली. "सगुणाबाई अशी हाय, तशी हाय" म्हनला असता तर मी म्हनले असते, बोंबल. पन त्यानं लिवलं "मी". "मी नांद्याची, मी दोन म्हशी राखल्या, मी भाड्याच्या खोल्या बांधल्या." ह्यानं कवा बांधल्या वो खोल्या? चांगला पँटीतला बाप्या, आन् माजं लुगडं नेसून बोलतुया!

फोन केला त्याला. तर म्हनतो कसा — "मावशी, गोष्टीतली मी म्हणजे तुम्ही नाही. मीसुद्धा नाही. ते पात्र आहे." पात्र! आमच्या गावाला कळतंय व्हय पात्र? लोकांनी खोल्या वाचल्या, म्हशी वाचल्या, झालं — सगुणाबाईनं सोताच्या तोंडानं कबूल केलं. गिरनीत दळान घेऊन गेले की बाया गप होत्यात. आन् कबूल काय केलं म्हनं? तर त्या बाईनं नणंदेला पौडच्या कचेरीत नेलं, वारसनोंदीला अंगठा पायजेल म्हनून सांगितलं, आन् उठवून घेतला हक्कसोडीच्या कागदावर — बहिनीनं जिमिनीतला वाटा सोडला म्हनून. आता ताई, हक्कसोड आमच्यात समद्याच बहिनी करत्यात. पातळ घ्यायचं, पुरनपोळी घालायची, वाटंला लावायचं. रीतच हाय. मग खोटं कशाला सांगंल कोन? — वन्सं न्हाई म्हनल्या असत्या, म्हनून. म्हंजी, गोष्टीतल्या. गोष्टीतल्या वन्सं.

समदं चुकीचं लिवलंय त्यानं. गोष्टीत हिरवं पातळ हाय. अंजिरी हुतं. म्या सोता घेतलं, पौडच्या स्टँडसमोरच्या दुकानातनं — आन् सारजावन्सं काय खूश! अंगठ्याची शाई नव्या पातळाला लागंल म्हनून येश्टीत सबंद रस्ता हात असा लांब धरून बसल्या हुत्या. असा. ते हाय का त्याच्या गोष्टीत? न्हाई. कसं असंल? मी त्याला यातलं एक अक्षर बोलले न्हवते. कुनालाच न्हाई, मालकांना बी मरस्तवर न्हाई. मग त्याला सुचलं कसं, सांगा की — तुमी शिकलेल्या. "मी, मी" करत लिवत बसला आन् पार माज्या आत येऊन बसला मुडदा, चपला न काडता.

आन् शेवट काय केलाय ठावं हाय? ती बाई नणंदेच्या दारात जाती, पायावर पडून रडती, नणंद तिला उटवून घरात घेती. झालं. वन्सं दिल्यात माणला. त्यांची नात सायली, तिनं आजीला आख्खी गोष्ट वाचून दावली. वन्संना वाचता येत न्हाई, त्यांना वाटलं मीच लिवून धाडलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. निरोप धाडला — "वैनी, ऐकलं मी. तुमी येनार हाय म्हनून लिवलंय. वाट बघते." दिवाळीपासनं बघत्यात, ताई. शिमगा झाला. रोज दुपारच्याला ओट्यावर येऊन बसत्यात म्हनं. त्याचं काय गेलं? दोन ओळींत नेऊन उबी केली बाईला दारात. माण हितनं टमटमनं अर्धा तास बी न्हाई, आन् मी ते अंजिरीच्या जोडीचं दुसरं पातळ पिशवीत घेऊन फाट्यापत्तुर जाते — कितींदा — आन् माघारी येते. ती रडली, ती मोकळी झाली. मला न्हाई तसं रडायला येत.

काय म्हनला? बरूबर येता? तुमाला कुनी इचारलं? खोली बघाया आला हुता ना? ही खोली हाय वन्संच्या वाट्याच्या तुकड्यावर — घ्या, बघितली? न्हाई द्यायची. कुनालाच न्हाई. चावी ठिवा तितं पायरीवर.

उटा म्हनते ना. तो बी असाच गप बसून ऐकायचा.