आउनेबाईंचा शर्यतीचा कॉम्प्युटर

माझ्या थोरल्या नातीचं लग्न झालं, त्या वर्षीची गोष्ट. टाम्पेरे शहरातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी रांगेत होतो. माझ्यापुढे आउने नावाची म्हातारी दुकानदाराशी बोलत होती.

“सगळ्यात भारी ग्राफिक्स कार्ड घाल. गाड्यांच्या खेळात माझा भाऊ तोइवो मला रोज हरवतो.”

“घालतो, आजी. रंगीत दिवे लावू?”

“नाताळचं झाड आहे का ते?”

“बरं, राहिलं. ठेवणार कुठे?”

“सौनाबाहेरच्या कपडे बदलायच्या खोलीत. घरात नवरा दिवसभर बातम्या लावतो, मला इंजिन ऐकू येत नाही.”

“अहो, तिथे सौनातल्या आंघोळीची वाफ येते! एवढं महागाचं यंत्र गंजेल.”

“मग सौना तापवणारच नाही.”

“आणि शनिवारी, सौनाच्या दिवशी?”

“शेजारणीकडे जाईन.”

“भावापायी स्वतःचा सौना सोडणार?”

“जिंकण्यापायी! सोमवारी तोइवोचं हृदयाचं ऑपरेशन आहे. त्याआधीच हरवायचाय त्याला. नंतर हरला तर म्हणेल, आजारी होतो.”

“शुक्रवारी घेऊन जा, आजी.”

रविवारी ती जिंकली, असं दुकानदाराने मला नंतर सांगितलं. तोइवो ऑपरेशनमधून खडखडीत बरा झाला. आउने पुढच्या मार्चमध्ये वारली.